अडीच तारे, नऊ गाणी आणि एक जास्तीचा काना

नव्या अल्बमची परीक्षणं लिहिणाऱ्या आणि ती छापणाऱ्या सर्व मंडळींना सोलापुरातून खुलं पत्र

स. न. वि. वि.

तुम्ही बहुतेक जण पुण्या-मुंबईत, मी सोलापुरात. आपली ओळख नाही. हे सगळं खासगीत लिहिता आलं असतं आणि तसं दोनदा लिहिलंही. उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांत बोलतो.

निमित्त छोटं आहे. दोन रविवारांपूर्वी एका पुरवणीत चार नव्या अल्बमची परीक्षणं एका उभ्या पट्टीत छापून आली. त्यातला तिसरा अल्बम आमचा होता. अकरा ओळी आणि खाली अडीच तारे. पट्टीच्या तळाला बारीक टायपात एक सूचना होती. पुढच्या महिन्यापासून हे सदर ‘अधिक आटोपशीर’ होणार, म्हणजे प्रत्येक अल्बमला चार ओळी आणि तारे. अकरा ओळींचं दुःख मी गिळलं असतं. चार ओळींची सूचना वाचली आणि गप्प बसवेना.

वर्तमानपत्राचं नाव मी लिहीत नाही, परीक्षण लिहिणाऱ्याचंही नाही. अल्बमचं नावही मुद्दाम देत नाही, नाहीतर म्हणाल, पत्राच्या आडून जाहिरात केली.

मी कोण, ते आधी सांगतो. मी गात नाही, वाजवत नाही. मी ध्वनिमुद्रण करतो. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या दोन कारखान्यांमध्ये दहा बाय बाराची खोली आहे, तिला आम्ही स्टुडिओ म्हणतो. भिंतीला लावायचा तो उंचसखल फोम परवडला नाही, तेव्हा चादरी टांगल्या. सोलापुरात चादरीला काय तोटा! भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून दुहेरी टांगली की चादर आवाज छान पिते. शेजारच्या मागांची खटखट मात्र चादरीला ऐकत नाही. ती जमिनीतून येते आणि माइकच्या स्टँडमधून वर चढते. म्हणून आमचं काम माग बंद असताना चालतं. वीज गेली की माग बंद पडतात, पण तेव्हा आम्हीही बंद. हा अल्बम अशा एकोणीस रात्रींत झाला.

परीक्षणांशी माझं नातं त्याहून जुनं आहे. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नवी पेठेतल्या एका दुकानात कॅसेटी भरून द्यायचो. गिऱ्हाईक यादी आणायचं, मी साठ मिनिटांत ती बसवायचो. मालक रविवारच्या पेपरातलं परीक्षण कापून काउंटरच्या काचेखाली सारायचे. लोक ते वाचून कॅसेट घ्यायचे. एकदा त्यात लिहिलं होतं की अमुक गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी बासरी जराशी मागे रेंगाळते आणि तिथेच गाण्याचा जीव आहे. ती जागा सापडेपर्यंत मी कॅसेट मागे-पुढे करत बसलो. दुपार गेली. मालकांनी हेड झिजवलंस म्हणून शिव्या घातल्या. बासरी खरंच रेंगाळत होती. मी ऐकायला शिकलो तो त्या दुपारी, आणि शिकवणारा माणूस परीक्षण लिहिणारा होता. तुमच्यापैकी कुणी जुने असाल तर कदाचित तुम्हीच असाल. म्हणून राग आहे तो घरच्या माणसावरचा आहे असं समजा.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की अल्बम ऐकलाच गेलेला नाही. मी हे हवेत बोलत नाही. अल्बमसोबत मी एक पानाचं टिपण पाठवलं होतं. घाईत त्यात ‘संबळ’चं, म्हणजे गोंधळात वाजणाऱ्या जोडवाद्याचं, ‘सांबळ’ झालं. परीक्षणात ‘सांबळ’ छापून आलं, काना जसाच्या तसा. त्याच टिपणात मी ‘मातीशी नाळ सांगणारा वाद्यमेळ’ असं एक वाक्य खरडलं होतं. असलं वाक्य आपण लिहिलं याची मला तेव्हाच थोडी लाज वाटली होती. दुसऱ्याच्या नावाखाली ते छापलेलं पाहून जास्त वाटली. पहिल्या टिपणात गाणी सात होती. नंतर दोन वाढली, तेव्हा मी सुधारलेलं टिपण पाठवलं. परीक्षण म्हणतं, ‘सातही गाण्यांत तोचतोपणा जाणवतो.’ अल्बममध्ये गाणी नऊ आहेत. उरलेल्या दोनांत तोचतोपणा नसेल अशी आशा आहे.

आणखी एक. परीक्षणासाठी पाठवलेली लिंक ज्याची त्याला वेगळी होती आणि कुठलं गाणं किती वेळा वाजलं ते मला दिसतं. त्या लिंकवर पहिलं गाणं एकदा वाजलं. बाकीच्या आठांपुढे शून्य. परीक्षण छापून आलं तेव्हा अल्बम दुसरीकडे कुठेही उपलब्ध नव्हता. यावर मला जास्त काही बोलायचं नाही.

अकरा ओळींत ‘ढोलाचा दणदणाट’ही आहे. अल्बममध्ये ढोल नाही. आहे ती हलगी. वाजवणारे मामा साठीच्या पुढचे आहेत. प्रत्येक टेकच्या आधी ते दाराबाहेर जाऊन रद्दी पेपर पेटवतात, हलगीचं कातडं त्यावर फिरवत राहतात, मध्येच बोटानं टिचकी मारून कान लावतात आणि सूर चढला की धावत आत येतात, कारण ते तापलेपण चार-पाच मिनिटंच टिकतं. पावसाळी हवेत तेवढंही नाही. म्हणजे गाणं साडेसहा मिनिटांचं असेल तर शेवटच्या कडव्याला हलगी उतरायला लागते. ती उतरू नये म्हणून आम्ही एका गाण्याची चाल जलद केली आणि एका गाण्यात शेवटचं कडवं हलगीशिवाय ठेवलं. ही गोष्ट पकडणारं एक वाक्य जरी आलं असतं, तरी उरलेल्या दहा ओळींत काहीही चाललं असतं. मी मामांना परीक्षण वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “ढोल? म्हंजे मी लग्नाच्या बँडातला हाय व्हय ओ?” हलगी शेकायला रद्दी म्हणून ती पुरवणीही त्यांनी उचलली होती. मी काढून घेतली, पुरावा म्हणून.

दुसरी तक्रार ताऱ्यांची.

तारे, गुण, श्रेणी हे कुठून आलं ते मला समजतं. एलपीचा आणि कॅसेटचा काळ होता, खिशातून पैसे जायचे आणि घेतलेली वस्तू दुकानदार परत घेत नसे. अमेरिकेत रॉबर्ट ख्रिस्टगाऊ या समीक्षकांनी १९६९मध्ये अल्बमना शाळेतल्यासारख्या श्रेणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या सदराचं नावच ‘ग्राहकांसाठी मार्गदर्शन’ अशा अर्थाचं होतं. ते प्रामाणिक होतं. काउंटरच्या काचेखालच्या कात्रणाचाही उपयोग तोच होता. हातात तीस रुपये आहेत आणि दोन कॅसेटी समोर आहेत, यातली कुठली घेऊ? आज ऐकणाऱ्याचे तीस रुपये जात नाहीत. गाणं फुकट किंवा महिन्याच्या वर्गणीत पडलेलं आहे. आवडलं नाही तर माणूस बोटानं पुढे सरकतो. ताऱ्यानं वाचवायचा तो खिसाच उरला नाही. तारा मात्र राहिला, आणि शब्द गेले.

परदेशातल्या पिचफोर्क या संगीत-परीक्षणाच्या वेबसाइटनं तर दशांश चिन्ह आणलं. शून्यापासून दहापर्यंत, मधे एक दशांश स्थळ. ६.४ आणि ६.५ यांत कानाला काय फरक कळतो, ते मला वीस वर्षं आवाजाच्या मीटरकडे बघूनही सांगता येणार नाही. त्याच पिचफोर्कनं २०२१मध्ये आपल्या जुन्या १९ अल्बमचे गुण बदलले. लिझ फेअर यांच्या एका अल्बमला २००३मध्ये ०.० मिळाले होते, त्याचे ६.० झाले. डाफ्ट पंकच्या ‘डिस्कव्हरी’चे ६.४ होते, ते थेट १० झाले. अल्बममधला एक सूरही इकडचा तिकडे झालेला नव्हता. चूक कबूल केली याचं मी कौतुकच करतो. आपल्याकडे ते कोण करतं? पण त्या मधल्या वर्षांत ०.० हा आकडा ज्या कलावंताच्या नावापुढे चिकटून राहिला, त्याचं काय? आकडा लक्षात राहतो. त्याच्या खालचा मजकूर कुणी वाचत नाही.

आणि आपल्याला परदेशाचा कित्ता गिरवायची गरज काय होती? मराठीत हे काम आकड्यांशिवाय झालेलं आहे. केशवराव भोळे स्वतः संगीतकार होते आणि ‘एकलव्य’ या टोपणनावानं गायकांबद्दल लिहायचे. वामनराव देशपांडे व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे आकड्यांत पोट असलेला माणूस. त्यांनी शास्त्रीय गायनातल्या घराण्यांचा विचार मांडताना एका टोकाला स्वर ठेवला, दुसऱ्या टोकाला लय. किराणा स्वराच्या बाजूला बसवलं, आग्रा लयीच्या बाजूला, आणि जयपूर मधोमध. स्वतःचा ओढा जयपूरकडे आहे हेही त्यातून लपत नाही. अनेकांना ते पटलं नाही. पण त्यांच्याशी भांडता येतं, कारण त्यांनी मोजपट्टी टेबलावर ठेवलेली आहे. अडीच ताऱ्यांशी मी कसं भांडू? उरलेले अडीच कशाचे गेले? सुराचे, शब्दांचे, मुद्रणाचे, की सोलापूरचे?

शेवटचा शब्द खोडणार होतो. राहू दे.

तिसरी तक्रार, तुम्ही कशावर ऐकता? ही माझ्या धंद्यातली आहे, त्यामुळे जरा लांबेल.

तुमच्यातल्या एका तरुण समीक्षकानं मला फोन केला होता. चांगला मुलगा, खोटं बोलला नाही. म्हणाला, “दादा, लोकलमध्ये फोनवर ऐकतो. इयरफोन असले तर असले.” त्याच्यावर माझा राग नाही. त्याला एका परीक्षणाचे जेवढे पैसे मिळतात तेवढे आमच्याकडे ढोलकीच्या शाईला लागतात. शिवाय २०१५पासून जगभरचे अल्बम शुक्रवारी बाहेर पडतात आणि त्याला रविवारचं पान भरायचं असतं. पण फोनच्या स्पीकरचं गणित त्याला कुणीतरी सांगायला हवं. तो स्पीकर बोटाच्या पेराएवढा असतो. साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं तो जवळजवळ वाजवतच नाही. ढोलकीला दोन तोंडं. चाटीचा टणत्कार वर असतो, तो फोनवर येतो. धुमेचा घुमारा त्या दोनशेच्या खाली राहतो, तो येत नाही. म्हणजे फोनवर तुम्ही अर्धी ढोलकी ऐकता आणि लिहिता की ‘ठेका पातळ’. संबळाचंही तसंच. जोडीतलं मोठं वाद्य गेलं, लहान तेवढं राहिलं.

मी हा प्रयोग आमच्या ढोलकीवाल्यासमोर केला. तो मोडनिंबचा. लावणीच्या कलाकेंद्रात रात्र रात्र वाजवून त्याचं मनगट तयार झालेलं. आधी त्याला तेच गाणं फोनवर ऐकवलं. त्यानं मान वाकडी करून ऐकलं आणि विचारलं, “हे कुनी वाजवलंय?” मग मोठ्या स्पीकरवर लावलं. धूम आली, चादर हलली. तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “सर, मग लोक ते पहिलंच ऐकतेत का?” त्याला काय उत्तर देऊ? हो, लोक तेच ऐकतात. लोकांनी ऐकावं. पण निकाल देणाऱ्यानं तरी एकदा पूर्ण ढोलकी ऐकावी.

‘आवाज दबलेला’ असंही एक वाक्य आहे. आमचा अल्बम बाकीच्यांपेक्षा हळू वाटतो, हे खरं आहे. हल्ली गाणं जोरात वाटावं म्हणून सगळं दाबून एका पातळीला आणतात, मग हलगीची पहिली थाप आणि गायिकेचा श्वास सारख्याच उंचीचे होतात. आम्ही तसं केलं नाही. थाप थापेएवढी ठेवली, श्वास श्वासाएवढा. तसंही स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला गाणं किती मोठं वाटतं ते मोजायचं हे एकक) आणून बसवतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि दाबल्याचं नुकसान तेवढं शिल्लक राहतं. ही आमची चूक आहे असं वाटत असेल तर खुशाल लिहा. फक्त हा निर्णय होता, गफलत नव्हती, एवढं कळून लिहा.

चौथी तक्रार लिहिताना मला हसू येतं आणि रडूही. परीक्षण म्हणतं, ‘दाक्षिणात्य फ्युजनचा मोह टाळायला हवा होता.’

अल्बमच्या पाचव्या गाण्यात सोलापूरचे ग्रामदैवत, शिवभक्त संत सिद्धरामेश्वर यांचं एक वचन, म्हणजे भक्तिपर रचना आहे, कानडीत. गायलंय अक्कलकोट तालुक्यातल्या एका आजींनी. आठवं गाणं तेलुगूत आहे, मागावर आयुष्य काढलेल्या एका निवृत्त विणकराचं. बाकीची मराठी. याला फ्युजन म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानालाही म्हणा, तिथे तीन भाषांत उधारी मागितली जाते. सोलापूरचं जुनं नाव सोन्नलगी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथे होते. वचनं त्यांनी कानडीत रचली आणि त्यांची मुद्रा, म्हणजे रचनेतली नाममुद्रा, आहे ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते, आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ म्हणणाऱ्या गर्दीत कोण घरी कानडी बोलतो, कोण तेलुगू, कोण मराठी, हे कुणी विचारत नाही. शाहीर राम जोशी याच गावचे. त्यांनी लावण्या मराठीत केल्या आणि संस्कृतातही केल्या. दोन भाषा शेजारी बसवणं हा आमच्याकडे प्रयोग नाही हो, रोजचा व्यवहार आहे. गाणं वाईट झालं असेल तर तसं म्हणा. आजींचा सूर एका ठिकाणी हलतो, ते म्हणा. पण ज्या मातीशी नाळ असल्याचं वाक्य माझ्याच टिपणातून उचललंत, त्याच मातीतली भाषा तुम्हाला परकी वाटली.

पाचवी तक्रार नावांची. जुन्या एलपीच्या पाठीवर राग, ताल, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सगळं छापलेलं असायचं. आता अ‍ॅपवर वादकाचं नाव शोधून सापडत नाही. तेव्हा ते छापून येण्याची एकच जागा उरली होती, ती म्हणजे परीक्षण. अकरा ओळींत आमच्या गायिकेचं नाव दोनदा आहे. गीतकाराचं नाही, हलगीचं नाही, ढोलकीचं नाही. माझं नसलं तरी चालेल, माझी सवय झाली आहे.

याचा पोटाशी संबंध आहे म्हणून बोलतो. तीस सेकंद वाजलं की स्पॉटिफाय गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजतं. पण २०२४पासून बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफायच्या मानधनाच्या वाट्यातून काही मिळत नाही. मोठ्या नावांना हा हजाराचा आकडा नाश्त्याआधी पार होतो. आमच्या आठव्या गाण्याला तो डोंगर आहे. तुमच्या चार चांगल्या वाक्यांनी, किंवा चार नेमक्या वाईट वाक्यांनीही, लोक उत्सुकतेनं ऐकायला येतात. अडीच तारे बघून कुणी येत नाही, शिव्या द्यायलासुद्धा नाही.

सहावी तक्रार माझ्यावरही आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या एका पैसेवाल्या हौशी गृहस्थांचा भक्तिगीतांचा अल्बम मी मुद्रित केला. सूर असा की दुरुस्त करता करता सॉफ्टवेअरही दमलं. त्यांच्यासाठी एक टिपण मी लिहिलं, ‘भावस्पर्शी’, ‘श्रवणीय’ असे ठेवणीतले शब्द घालून. ते शब्दन् शब्द एका ठिकाणी परीक्षण म्हणून आलं. वर दुसऱ्याचं नाव, खाली चार तारे, शेजारी त्याच गृहस्थांची पाव पान जाहिरात. तेव्हा मी खुलं पत्र लिहिलं नाही. उलट ते कात्रण लॅमिनेट करून स्टुडिओत लावलं, गिऱ्हाईक येईल म्हणून. आलंही. ते कात्रण मी गेल्या आठवड्यात उतरवलं. चादरीवर चौकोनी डाग राहिलाय. फुकटच्या चार ताऱ्यांवर गप्प बसणाऱ्याला अडीच ताऱ्यांवर ओरडायचा हक्क किती, हे तुम्ही विचारायच्या आत मीच विचारून घेतो. पण चारही तसेच न ऐकता आलेले होते आणि अडीचही.

अल्बम चांगला आहे असं माझं म्हणणं नाही. अल्बममध्ये काय बिघडलंय ते मला पाठ आहे. दुसरं गाणं एक कडवं जास्त लांबलंय. गीतकार ऐकेनात आणि मी जोर लावला नाही. चौथ्या गाण्यात दोन मिनिटांच्या पुढे, गायिका थांबते त्या फटीत, लांबून माग ऐकू येतो. त्या रात्री एका कारखान्यात तातडीची ऑर्डर होती आणि मला तो टेक टाकवला नाही, कारण पुन्हा तसं गाणं झालं नसतं. सहाव्यात पेटी आणि आवाज यांच्यात केसाएवढा फरक आहे. दोन वेगळ्या रात्रींचे तुकडे जोडलेत, ती जागा मला झोपेतही ऐकू येते. गाण्यांचा क्रम चुकलाय असंही आता वाटतं. संथ गाणी लागोपाठ तीन आली. यातलं एक जरी कुणी पकडलं असतं, झणझणीत शब्दांत पकडलं असतं, तर मी गायिकेला आणि मामांना वाचून दाखवून म्हटलं असतं, बघा, कुणीतरी ऐकलं. शेंगाचटणीच्या गावात राहतो, तिखटाची भीती आम्हाला नाही.

मागण्या साध्या आहेत.

तारे बंद करा. संपादक ऐकत नसतील, तर निदान ताऱ्यांखाली एक ओळ छापा. अल्बम कशावर ऐकला, किती वेळा ऐकला, पूर्ण ऐकला की नाही. एवढं छापायची सक्ती झाली की बाकीचं बरंचसं आपोआप सुधारेल असा माझा अंदाज आहे.

अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा ऐकल्याशिवाय लिहू नका. त्यातलं एक ऐकणं बऱ्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर असू द्या. वेळ नसेल तर लिहू नका, आम्ही रागावणार नाही. न लिहिलेल्या परीक्षणानं आजवर कुणाचं नुकसान केलेलं नाही.

आमच्या टिपणातलं वाक्य वापरलंत तर अवतरणचिन्हात टाका आणि ते टिपणातलं आहे असं सांगा. वादकांची आणि गीतकारांची नावं लिहा. शेजारी जाहिरात असेल, ओळखपाळख असेल, अल्बमवाल्यानं हॉटेलात ठेवलं असेल, तर तेही लिहा. भाषा कळत नसेल तर कुणाला तरी विचारा. सोलापुरात विचारायला तीन भाषांतली माणसं एका बाकावर सापडतील.

संपादक मंडळींना वेगळी विनंती आहे. आठवड्याला चार अल्बम चार-चार ओळींत उरकण्यापेक्षा महिन्याला एकच घ्या आणि त्याला सहाशे शब्द द्या. लोकलमध्ये ऐकणाऱ्या त्या मुलाला त्या सहाशे शब्दांचे धड पैसे द्या. आमचा अल्बम त्यात नसला तरी हरकत नाही. आणि ज्या पुरवणीत आमचं परीक्षण आलं, तिथेच त्याच टायपात एवढी दुरुस्ती छापा की गाणी नऊ आहेत आणि वाद्य हलगी आहे. तारे वाढवा असं मी म्हणत नाही. काढून टाकलेत तर उत्तम.

कधी इकडे यायचं ठरलं तर पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडा. रात्री उतराल तेव्हा आमचं काम सुरू व्हायची वेळ असते. चौथ्या गाण्यातला माग मी तुम्हाला आधी सांगणार नाही, तुम्ही शोधा. मामा असतील, चहा असेल, भाकरी कडक असेल. रद्दी पेपर मात्र येताना थोडे घेऊन या.

आपला,
पूर्व भागातला एक ध्वनिमुद्रक,
सोलापूर

ता. क. – नवं टिपण पाठवत आहे. त्यात मी दुरुस्ती केली आहे. संबळ. ‘स’वर अनुस्वार आहे, काना नाही.